मदत हवी आहे : जुना डिजिटल मिक्सर घेताना काय काय तपासू?

नमस्कार मंडळी. सोलापुरात लग्नं, भजनं आणि गणपतीत साउंडची कामं करतो. अक्कलकोट रोडला एक जण बेहरिंगर एक्स-३२ विकतोय. रविवारी बघायला जाणार आहे.

मागे एक जुना अ‍ॅनालॉग मिक्सर दहा मिनिटं वाजवून घेतला आणि पहिल्याच हळदीत तासाभरात आवाज बसला. म्हणून यावेळी दोन तास चालू ठेवूनच बघणार. एकच माइक, एकच केबल घेऊन ३२ इनपुट एकेक करून तपासेन. मिक्सर केबलमधून माइकला ४८ व्होल्ट वीज देतो का ते बघायला, त्या विजेवर चालणारा कंडेन्सर माइक नेतोय. दोन वेगळे सीन (सगळ्या सेटिंगची साठवलेली नोंद) सेव्ह करून आलटून पालटून लावले की सगळे २५ फेडर (आवाज कमी-जास्त करायच्या, मोटरवर सरकणाऱ्या पट्ट्या) एकदम पळायला हवेत. अडखळला एखादा तर लगेच कळेल. फोटोत फेडरच्या फटींत गुलाल दिसतोय, म्हणजे मिरवणुका भरपूर झाल्यात!

अडलंय ते एईएस-५० पोर्टपाशी, म्हणजे नेटवर्क केबलने स्टेज बॉक्स जोडायच्या जागेपाशी. स्टेजवर ठेवून माइक जोडायचा हा बॉक्स विकणाऱ्याकडे नाही, माझ्याकडेही नाही. बॉक्सशिवाय पोर्ट तपासता येतो का? की सोलापुरात कुणी तासभर बॉक्स देईल? भाडं देतो. आणि मालकासमोर वरचं झाकण उघडायला सांगणं बरं दिसतं का हो?