जुन्या धाटणीचा विमानवाला शूटर सुचवा, दोघांनी शेजारी बसून खेळायचा आहे

निळी_जास्वंद

नमस्कार मंडळी. दिवाळीच्या सुट्टीत दादाचा मुलगा पुण्याहून आमच्याकडे इंदूरला येतोय. सातवीत आहे. मोबाइलवर विमानांचे खेळ खेळतो, पण त्यात सारख्या जाहिराती आणि पुढे जायचं तर हिरे विकत घ्या. मी आणि दादा रामबागेतल्या घरी कॅसेट लावून जे खेळायचो, ते मला त्याला दाखवायचंय. वरून दिसणारं विमान, खाली निळा समुद्र, समोरून येणाऱ्या तुकड्या, आणि एक गोळी लागली की गेलं. आमच्याकडे '१९४२' आणि 'गॅलेक्सियन' होते. दोन्हींत एकजण आउट झाला की मगच दुसऱ्याची पाळी. आता मात्र दोघांना एकाच वेळी खेळता येईल असा हवा.

लॅपटॉप जुना आहे: आय-थ्री, ४ जीबी रॅम, वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही. एचडीएमआयने टीव्हीला जोडणार. बजेट हजारापर्यंत, त्यातच एक कंट्रोलर बसवायचाय. रक्तबिक्त नको. आणि कृपया "हल्ली हे कोण खेळतं" असं लिहू नका. मी खेळते.

राजवाडा_एक्स्प्रेस

ताई, पैसे खर्च करायच्या आधी '१९४३' उतरवून घ्या. तुमच्या '१९४२'चाच पुढचा भाग, कॅपकॉम कंपनीचाच, १९८७ सालचा. स्टीमवर (संगणकाचे खेळ विकणारी साइट) 'कॅपकॉम आर्केड स्टेडियम' नावाचा संच आहे. त्यातले बाकीचे खेळ विकत घ्यावे लागतात, पण मी घेतला तेव्हा '१९४३' मूळ संचाबरोबर फुकट मिळाला होता. यात दोघं एकाच वेळी उडतात, म्हणजे तुमची मुख्य अट इथेच पूर्ण झाली.

खेळायची रीत मात्र वेगळी आहे. '१९४२'मध्ये जीव मोजून मिळायचे, इथे एनर्जीचा पट्टा आहे. गोळी लागली की तो घटतो, आणि नुसते उडत राहिलात तरी हळूहळू घटतच असतो. कोपऱ्यात दबा धरून बसण्याची सोय नाही. पुढे जायचं, तुकडी पुरती पाडायची, तिच्यातून पडणारा 'पॉव' उचलायचा. पॉववर गोळ्या झाडत राहिलं की तो बदलत जातो, त्यामुळे हवं ते हत्यार येईपर्यंत झाडायचं की पट्टा भरण्यासाठी लगेच उचलायचा, हे दोघांना बोलून ठरवावं लागतं. आत्या-भाच्याला भांडायला उत्तम विषय आहे.

गोळीबंद

खेळ कोणताही घ्या, आधी टीव्हीचं बघा. ही गोष्ट कुणी सांगत नाही आणि मग चांगले खेळ बदनाम होतात.

बटण दाबल्यापासून पडद्यावर विमान हलेपर्यंत जो वेळ जातो, तो इनपुट लॅग. हे खेळ सेकंदाला ६० चित्रं दाखवतात, म्हणजे एका चित्राला साधारण १६.७ मिलिसेकंद. टीव्ही रंग उजळत आणि हालचाल गुळगुळीत करत बसला तर पाच-सहा चित्रांचा उशीर सहज होतो. तोवर गोळी येऊन लागलेली असते. रिमोट घेऊन पिक्चर सेटिंगमध्ये 'गेम मोड' शोधा आणि चालू करा. बऱ्याच टीव्हींवर तो ज्या पोर्टला लॅपटॉप जोडलाय त्याच पोर्टसाठी वेगळा चालू करावा लागतो. गेम मोड नसेल तर हालचाल गुळगुळीत करणारे सगळे पर्याय बंद करा. चपळ मुलगा सारखा मार खातोय असं दिसलं तर त्याच्या बोटांना दोष देण्याआधी हे तपासा.

कंट्रोलर घेताना अॅनालॉग काडीकडे बघू नका, डी-पॅडकडे (दिशांच्या अधिकच्या आकाराच्या बटणाकडे) बघा. स्वस्तातल्या पॅडवर तिरकी दिशा नीट लागत नाही, आणि या खेळात अर्धा जीव तिरक्या दिशेवर असतो. जेल रोडला किंवा सिल्व्हर मॉलला जाणार असाल तर लॅपटॉप सोबत न्या. दुकानातच जोडून विंडोजच्या गेम कंट्रोलरच्या खिडकीत चारही तिरक्या दिशा दाबून बघा. चांगला दुकानदार नाही म्हणत नाही. दुसऱ्याला कीबोर्ड चालेल, पण काही कीबोर्डवर दोन बाण आणि स्पेस एकत्र दाबले की एक बटण पोहोचतच नाही. गोळीबार झेडवर किंवा शिफ्टवर ठेवून बघा.

आता खेळ. विकत घ्यायचा तर माझं मत 'जेम्सटाउन'ला. २०११ सालचा आहे, पण चित्रं ठिपक्या-ठिपक्यांची, जुन्या मशीनसारखी. सतराव्या शतकातले इंग्रज मंगळावर वसाहत करतात अशी अचाट कल्पना आहे. एका पडद्यावर चौघं खेळू शकतात, आणि एकजण जरी टिकला तरी पडलेले परत येतात. तुमच्यासाठी हेच महत्त्वाचं. मुलगा पडला की त्याला नुसतं बघत बसावं लागत नाही, आणि तुमच्यावर त्याला परत आणायची जबाबदारी येते. शत्रूंतून पडणारं सोनं गोळा केलं की एक पट्टी भरते. ती वापरली की थोडा वेळ ढाल मिळते आणि गुण वाढतात. ढाल संकटात वापरायची की गुणांसाठी, यावर आम्ही घरी अजून वाद घालतो.

खटकलेली गोष्ट एकच. पुढचे टप्पे उघडायला आधीचे टप्पे अधिक अवघड पातळीवर पुन्हा जिंकावे लागतात. लहान मुलाला ते कंटाळवाणं होऊ शकतं.

लोकमान्यनगरी

+१ जेम्सटाउनला. पण दोघांसाठी 'इकारुगा'चं नाव कुणीच कसं घेतलं नाही? ट्रेझर कंपनीचा, २००१ साली आर्केडमध्ये (नाणं टाकून खेळायच्या मशीनवर) आलेला, आता स्टीमवर मिळतो. विमानाचे दोन रंग, काळा आणि पांढरा, एका बटणावर बदलणारे. आपल्या रंगाची गोळी अंगावर घेतली तर ती शोषली जाते, विरुद्ध रंगाची लागली की खेळ खलास. उलट शत्रूला मारताना विरुद्ध रंगाने दुप्पट इजा होते. एवढाच नियम आहे, आणि त्या एका नियमातून पूर्ण खेळ उभा केलाय. दोघं खेळताना एकाने पांढरा होऊन दुसऱ्यासमोर भिंतीसारखं उभं राहायचं, तो मागून काळ्या गोळ्या झाडणार. याहून सुंदर शूटर मी पाहिला नाही.

तिसरा_टप्पा

भिया, खेळ सुंदर आहे यात वाद नाही, पण सातवीतल्या मुलाला पहिला खेळ म्हणून इकारुगा? मी कडक विरोध करतो. त्यात शत्रू कुठून, केव्हा, कोणत्या रंगाचा येणार हे पाठ करावं लागतं. शिवाय गुण मिळवायचे तर एकाच रंगाचे तीन-तीन शत्रू साखळीने मारायचे. मुलाला पहिल्या संध्याकाळी हवं असतं ते "मी चुकवलं, मी पाडलं". इकारुगात पहिली संध्याकाळ "थांब, आता पांढरा हो, नाही, काळा हो" अशीच जाते.

लोकमान्यनगरी

आमच्याकडे तर उलटं झालं. माझ्या धाकट्या बहिणीला बाकीच्या शूटरमध्ये गोळ्यांची भीती वाटायची. इकारुगात अर्ध्या गोळ्या अंगावर घ्यायच्याच असतात हे कळल्यावर तिची भीती गेली. मुलावर अवलंबून आहे. ज्याला कोडी आवडतात त्याला इकारुगा, ज्याला पळापळ आवडते त्याला '१९४३'.

तिसरा_टप्पा

कोडं आवडणाऱ्यांसाठी हे मान्य. तरी दुसऱ्या सुट्टीसाठी ठेवा. पहिल्या सुट्टीसाठी मी 'टायरियन २०००' सुचवेन. मूळ खेळ १९९५चा, आता गॉग या साइटवर फुकट मिळतो आणि कोणत्याही डबड्या लॅपटॉपवर चालतो. एकट्याने खेळताना दोन टप्प्यांच्या मध्ये दुकान लागतं, तिथे बंदूक, ढाल, जनरेटर बदलता येतो. जनरेटर कमजोर आणि बंदूक भारी घेतली की गोळ्याच सुटत नाहीत, हे मुलं फार पटकन शिकतात. दोघांसाठी आर्केड प्रकार वेगळा दिलाय.

वाचनमात्र

धागा आवडला, वाखूसा (वाचनखूण साठवली). एकच सुचवते: या खेळांत पडदा सारखा चमकतो. घरात कुणाला झगमगत्या प्रकाशाने फिट येण्याचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांशी बोला. खोलीत दिवा चालू ठेवा, टीव्हीपासून लांब बसा.

निळी_जास्वंद

सगळ्यांचे आभार. वाचनमात्र ताई, तसा त्रास कुणाला नाही, पण दिवा चालूच ठेवेन.

टीव्हीचा गेम मोड सापडला, आणि फरक हाताला जाणवला! '१९४३' उतरवून घेतला, नवऱ्याबरोबर खेळले. आवडला. पण एक अडचण. आम्ही दोघंही गोळ्या दिसल्या की घाबरून पडदाभर पळतो आणि पळता पळता दुसऱ्याच गोळीवर जाऊन आपटतो. पूर्वी हे आपोआप यायचं. भाच्याला शिकवायचं कसं? आणि 'स्काय फोर्स' कसा आहे? दुकानदाराने सांगितला.

गोळीबंद

ताई, हा प्रश्न विचारलात हे फार बरं झालं, कारण चुकवण्याची एक रीत आहे आणि ती शिकवता येते.

गोळ्या मुख्यतः दोन प्रकारच्या असतात. काही ठरलेल्या दिशेने सुटतात, तुम्ही कुठेही असा. काही सुटताना तुमच्यावर नेम धरून सुटतात. दुसऱ्या प्रकाराची भीती जास्त वाटते, पण त्याच सोप्या असतात, कारण त्या तुम्ही *होतात* तिथे येतात. म्हणून पळायचं नाही, सरकायचं. पडद्याच्या डाव्या टोकापासून उजवीकडे बोटाने टिचकी मारल्यासारखं थोडं थोडं सरकत राहा. सगळ्या गोळ्या तुमच्या मागे रांगेत पडत जातील. उजवं टोक आलं की एकदा झटकन मोठी उडी मारून रांगेच्या पलीकडे या आणि उलट सरकायला लागा. भाच्याला आधी एवढंच करायला सांगा, शत्रू पाडले नाहीत तरी चालेल. हे हातात बसलं की घाबरून पळणं आपोआप थांबतं.

दुसरं म्हणजे नजर. सुरुवातीला सगळे आपल्या विमानाकडे बघतात. नजर विमानाच्या थोडी वर ठेवायची, गोळ्या जिथून येतायत तिकडे. विमान डोळ्याच्या कडेला दिसत राहतं.

तिसरं, जागा. अगदी खालच्या कडेला चिकटून बसलं की मागे हटायला जागा उरत नाही. कडेपासून विमानाच्या उंचीएवढं वर राहायचं. '१९४३'मध्ये तर मागूनही विमानं येतात.

पुढे कधी 'मुशिहिमेसामा' किंवा 'दोदोनपाची'सारख्या केव्ह कंपनीच्या खेळांकडे वळलात तर एक गोष्ट आधीच माहीत असू द्या. तिथे पडदा गोळ्यांनी भरून जातो, पण पूर्ण विमानाला गोळी लागत नाही, मधला अगदी छोटा ठिपका तेवढा लागतो. पंखांवरून गोळी गेली तरी काही होत नाही. '१९४२'ची सवय असलेल्या माणसाला हे पटायला वेळ लागतो. मुशिहिमेसामात नवशिक्यांसाठी वेगळा प्रकारही आहे.

राजवाडा_एक्स्प्रेस

स्काय फोर्सबद्दल: पोलंडच्या कंपनीचा आहे, दिसायला देखणा, 'रीलोडेड'मध्ये दोघं एकत्र खेळू शकतात. खाली अडकलेल्या माणसांवर विमान स्थिर धरून त्यांना वर घ्यावं लागतं, आणि त्या वेळात अंगावर गोळ्या येत असतात. ती कल्पना मला मनापासून आवडते. पण त्यात विमान हळूहळू पैसे साठवून बळकट करायचं असतं, तेच टप्पे पुन्हा पुन्हा खेळून. हात सुधारला म्हणून जिंकलो की बंदूक सुधारली म्हणून, हे कळत नाही. तुम्ही भाच्याला जे दाखवू पाहताय त्यात हात सुधारणं हाच खेळ होता.

लोकमान्यनगरी

एकट्याने खेळायला 'झीरोरेंजर' लिहून ठेवा ताई, रात्री मुलं झोपल्यावर. २०१८चा, फिनलंडच्या दोघांनी केलेला, पूर्ण खेळ हिरव्या आणि नारिंगी रंगांत. गोष्टीबद्दल काही वाचू नका, कुणाला सांगूही देऊ नका.

निळी_जास्वंद

सरकण्याची युक्ती चालली! नवरा आता मुद्दाम नुसता चुकवत बसतो. जेम्सटाउन घेतेय, इकारुगा पुढच्या उन्हाळ्याला. शेवटचा प्रश्न: कंटिन्यू (हरल्यावर तिथूनच पुढे खेळायच्या संधी) किती द्यावेत? अमर्याद ठेवले तर तो पहिल्या दिवशीच शेवटापर्यंत जाईल.

गोळीबंद

अमर्याद ठेवू नका. पहिल्या दिवशी शेवट बघितला की दुसऱ्या दिवशी उत्साह राहत नाही. अगदी शून्यही नको, तो चिडेल. सुरुवातीला दोघांत मिळून तीन ठेवा आणि ते कधी वापरायचे ते त्याला ठरवू द्या. तीन संपले की पहिल्यापासून. ज्या टप्प्यावर सारखे अडकाल तो जेम्सटाउनमध्ये वेगळा निवडून खेळता येतो. तेवढाच सराव करा, मग पुन्हा सुरुवातीपासून जा. त्यातल्या विमानांपैकी 'बीम' नावाचं त्याला द्या, समजायला सोपं आहे. आणि वहीत दोघांचे गुण तारखेसकट लिहा, त्याच्या बाबांनाही दिवाळीत एक डाव खेळायला लावा.