शिक्का आहे म्हणून बंदूक सुरक्षित मानावी का?

दत्तप्रसाद, डिचोली
सुभाषबाब, इटलीत घडवलेल्या शार्प्सच्या, म्हणजे त्या जुन्या अमेरिकन एकबारी रायफलीच्या, प्रतिकृतीवर तपासणीचा शिक्का असला की आणखी काही पाहायची गरज नाही, आणि टेक्सासमधल्या आपल्या पुतण्याने त्याच भरवशावर एक वापरलेली बंदूक घेतली, असे आपण काल लिहिलेत. हे खोडल्याशिवाय मला राहवत नाही. इटलीतल्या गार्दोनेच्या तपासणी केंद्रात नेहमीपेक्षा जास्त दाबाची काडतुसे उडवून नळी आणि ब्रीच, म्हणजे नळीचा मागचा बंद होणारा भाग, टिकतात का, एवढेच पाहतात. त्यानंतर पहिल्या मालकाने तिच्यात कोणती दारू वापरली आणि चाप हलका करण्यासाठी कानस कुठे फिरवली, हे त्या शिक्क्यावरून कसे कळणार? मी तीस वर्षे लेथवर काढली आहेत. अशी बंदूक हाती आली, तर ती रिकामी असल्याची खात्री करून मी घोडा अर्ध्या खाचेवर, म्हणजे अर्धवट ओढून अडकतो त्या सुरक्षित जागी, ठेवीन आणि मागून अंगठ्याने नेटाने दाबीन. तो घसरला तर ती बंदूक तिथेच परत. मग उडवलेल्या काडतुसाचे बूड पाहीन. प्रायमर, म्हणजे बुडातली ठिणगी देणारी टोपी, बाहेर डोकावत असेल, तर ब्रीच बंद करणारा ठोकळा आणि काडतूस यांत फट जास्त आहे, असा संशय धरलाच पाहिजे.

सुभाष, फोंडा
आपण उगाच भीती घालता. मूळ शार्प्स १८७० च्या दशकातली. तिच्या धातूची आणि आजच्या पोलादाची बरोबरी होऊच शकत नाही. पुतण्याने दोनशे काडतुसे उडवली, त्याला काहीही झालेले नाही.

दत्तप्रसाद, डिचोली
पोलाद उत्तम आहे, हे मान्य. पण अशा शार्प्समध्ये वापरतात ते .४५-७० हे काडतूस १८७३ चे आहे आणि त्याच्या दाबाची अमेरिकेतील प्रमाणित मर्यादा २८,००० पीएसआय (दर चौरस इंचाला पौंड) आहे. त्याच नावाची, याहून बरीच जोरकस काडतुसेही बाजारात मिळतात, आणि मापे तीच असल्याने ती शार्प्सच्या खान्यात, म्हणजे नळीत काडतूस बसते त्या जागेत, सहज बसतात. पुतण्याने दोनशे उडवली ती कोणती, हे आपण सांगितलेच नाही.

अनंत, वाळपई
‘बसते म्हणजे चालते’ हा समज आमच्या सत्तरी तालुक्यातही घात करतो. माझ्या वडिलांची एकनळी बारा बोअर बंदूक जुनी, ६५ मिलिमीटर खान्याची. कुळागरात, म्हणजे नारळ-सुपारीच्या बागेत, रानडुकरे येतात म्हणून शेतसंरक्षणाचा परवाना आहे. दुकानदाराने ७० मिलिमीटरची काडतुसे दिली आणि ती बसली, कारण दुमडलेल्या तोंडामुळे न उडवलेले काडतूस आखूडच असते. उडताना ते तोंड नळीच्या निमुळत्या भागात उघडते आणि दाब वाढतो. पहिलाच बार उडवला आणि दस्त्याच्या मनगटाजवळ, म्हणजे हाताने धरतो त्या अरुंद भागाजवळ, केसाएवढी चीर गेली. त्यात निवडणूक आली की बंदूक जमा करावी लागते. एकदा पावसाळ्यानंतर परत मिळाली तेव्हा चिंधी नळीतून तांबडी होऊन बाहेर आली. त्या नळीची जबाबदारी कोण घेणार?

मनोहर, सांगे
जमा करण्यापूर्वी तेल आणि ग्रीस लावणे हे मालकाचे काम आहे. प्रत्येक वेळी पोलिसांना दोष देऊ नये.

अनंत, वाळपई
मी दोन्ही लावले होते, मनोहरबाब. आपल्या घरात नारळाचे पीक डुकरांनी उद्ध्वस्त केले असते आणि नेमकी तेव्हा बंदूक ठाण्यात पडून असती, तर आपण असे लिहिले नसते.

मनोहर, सांगे
माझ्या केळी गव्यांनी तीन वेळा तुडवल्या आहेत, तेव्हा मला शेती शिकवू नये. नळी गंजलेली मिळाली तर ताबा घेतानाच तसे लेखी नोंदवून घ्यावे. आपण नोंदवले होते का?

अनंत, वाळपई
नाही. तेवढे माझे चुकले.

सुभाष, फोंडा
विषय शार्प्सचा होता, तो ठाण्याच्या कोठडीपर्यंत पोहोचला. असो. काल रात्री पुतण्याशी बोललो. काडतुसाचे खोके आधीच्या मालकाने बंदुकीबरोबर दिले होते आणि त्यावर कोणतेही छापील लेबल नाही, म्हणजे ती हाताने भरलेली आहेत. दत्तप्रसादबाबांचा सूर मला पटलेला नाही आणि इटालियन कारागिरीवरचा माझा विश्वासही ढळलेला नाही. तरीही उरलेली काडतुसे वापरू नकोस आणि बंदूक तिथल्या बंदूक कारागिराकडून मापून घे, असे मी त्याला सांगितले आहे.

दत्तप्रसाद, डिचोली
दस्ता उतरवून मनगटाच्या आतली बाजूही पाहायला सांगा. अनंतबाबांना दिसली तशी चीर बाहेरून नेहमी दिसतेच असे नाही.