बायोडिझेल धुताना पांढरा थर फुटतच नाही: चूक धुण्यात आहे की त्याच्या आधी?

डिझेलवेडा:
वापरलेल्या तळणाच्या तेलाची ४० लिटरची बॅच आहे. तेल गाळून घेतलं होतं. टायट्रेशनला (तेलातलं मुक्त आम्ल मोजायची चाचणी) ४ मिली आलं (लिटरभर डिस्टिल्ड वॉटरमध्ये १ ग्रॅम केओएच म्हणजे पोटॅशियम हायड्रॉक्साइड, १ मिली तेल, १० मिली आयसोप्रोपिल अल्कोहोल, रंग दाखवायला फेनॉल्फ्थॅलिन). त्यावरून लिटरला उत्प्रेरक म्हणून नेहमीचे ७ आणि आम्लासाठी ४ असे ११ ग्रॅम, म्हणजे एकूण ४४० ग्रॅम केओएच घेतलं. मिथेनॉल २० टक्के, म्हणजे ८ लिटर. ५५ अंशांवर तासभर पंपाने फिरवलं, रात्रभर ठेवून ग्लिसरीन काढलं. नंतर तिसरा हिस्सा पाणी घालून ड्रिलच्या मिक्सरने ढवळलं, तर सगळं मलमासारखं घट्ट पांढरं झालं. अजून थर वेगळे होत नाहीत. ही बॅच वाचेल का? आणि पुढच्या वेळी काय बदलू? काही जण म्हणतात धुण्याची गरजच नाही, न धुता इंजिन बिनतक्रार चालतं. यात तथ्य किती?

काचनळी:
बॅच वाचते, टाकून देऊ नका. मात्र आता अजिबात ढवळू नका.

आधी सगळ्यात सोपा उपाय: टाकी कोमट ठेवा, ४५–५० अंश, आणि स्वस्थ बसू द्या. बरीच इमल्शन्स (पाणी आणि तेलाची अशी न सुटणारी पांढरी मिश्रणं) एवढ्यानेच सुटायला लागतात. खाली गढूळ पाणी जमेल ते अधूनमधून काढत जा. तेवढ्याने भागलं नाही तर पुढचे उपाय आधी लिटरभराच्या बरणीत करून बघा, थेट टाकीत नको. एका बरणीत कोमट पाण्यात विरघळवलेलं मीठ घाला आणि बरणी हलवू नका, फक्त दोन-तीनदा उलटी-सुलटी करा. दुसऱ्या बरणीत याच बॅचचं काढलेलं ग्लिसरीन दहा टक्के घाला. ग्लिसरीन साबण (तेलातलं आम्ल आणि केओएच मिळून झालेला) आणि पाणी दोन्ही ओढून खाली बसतं. जी बरणी लवकर स्वच्छ होईल तीच पद्धत टाकीला लावा. मीठ वापरलंत तर नंतर साध्या पाण्याने नीट धुवा, कारण मागे राहिलेलं क्लोराइड स्टीलला खातं आणि सोडियम इंधनात राहतं.

व्हिनेगर किंवा दुसरं आम्ल शेवटचा पर्याय म्हणून ठेवा. आम्लाने इमल्शन झटकन फुटतं हे खरं, पण साबण नाहीसा होत नाही, त्याचं मुक्त फॅटी ॲसिड होतं आणि ते बायोडिझेलमध्येच विरघळून राहतं. हिशेब करा: एक टक्का पोटॅशियम साबण आम्लाने फोडला की इंधनाची आम्लता सुमारे १.७५ मिलिग्रॅम केओएच प्रति ग्रॅमने वाढते. युरोपीय मानक ईएन १४२१४ ची मर्यादा ०.५० आहे. दिसायला चकचकीत आणि आत आम्लधर्मी, असं इंधन पंप आणि नळ्यांना त्रास देतं.

आता कारण. थर वेगळे झाले की पहिलं काम ३/२७ चाचणी: ३ मिली बायोडिझेल, २७ मिली मिथेनॉल, दोन्ही खोलीच्या तापमानाला म्हणजे साधारण २० अंशांना, झाकण लावून हलवायचं आणि दहा मिनिटं ठेवायचं. मिथेनॉलमध्ये मिथाइल एस्टर, म्हणजे खरं बायोडिझेल, विरघळतं, तेल विरघळत नाही. तळाशी काही थेंब बसले तर प्रक्रिया अर्धवट राहिली आहे. अर्धवट झालेले मोनो आणि डायग्लिसराइड हेच साबणाचे साथीदार असतात, ते असले की इमल्शन हमखास घट्ट होतं. माझ्या मते तुमची बॅच धुण्यात बिघडलेली नाही, धुण्याने फक्त ते उघड केलं.

सावकाशगाळ:
काचनळी यांच्याशी सहमत. सगळ्यात मोठा संशय पाण्यावर. तुम्ही तेल गाळलं असं लिहिलंय, वाळवलं असं लिहिलेलं नाही. गाळणी पाणी अडवत नाही.

तेलात एक टक्का पाणी असेल तर ४० लिटरमध्ये ते ४०० मिली झालं. केओएच असताना पाणी एस्टर आणि तेल फोडून फॅटी ॲसिड करतं, ते ॲसिड लगेच केओएच खाऊन साबण होतं. म्हणजे साबण वाढतो आणि उत्प्रेरक कमी होतो, दोन्ही एकदम. शिवाय केओएच मिथेनॉलमध्ये विरघळतानाच थोडं पाणी तयार होतं, म्हणून तेलातल्या पाण्याला सूट द्यायला जागाच उरत नाही.

वाळवायची पद्धत: तेल ६० अंशांपर्यंत तापवून दिवसभर शांत ठेवा आणि तळाचं पाणी, गाळ काढून टाका. ही पायरी वगळून थेट जास्त तापवलं तर तळाशी साठलेलं पाणी एकदम वाफ होऊन उसळतं आणि उकळतं तेल बाहेर फेकलं जातं. त्यानंतर पंपाने तेल वर उचलून पातळ धारेने पुन्हा टाकीत सोडत राहा, ६०–७० अंशांवर, झाकण उघडं आणि पृष्ठभागावरून हवा जाईल असा पंखा. तव्यावरची चाचणी (गरम तव्यावर थेंब टाकून तडतड ऐकणे) ढोबळ आहे. त्यापेक्षा वजन करा. १०० ग्रॅम तेल, ०.०१ ग्रॅम दाखवणारा काटा, १२०–१३० अंशांवर वजन घटायचं थांबेपर्यंत तापवायचं. अर्धा ग्रॅम घट म्हणजे अर्धा टक्का पाणी. ०.१ टक्क्याच्या खाली आल्याशिवाय पुढे जाऊ नये.

केओएचचा डबाही तपासा. ते बाजारात बहुधा ८५–९० टक्के शुद्धतेचंच असतं, आणि झाकण उघडं राहिलं की हवेतली ओल आणि कार्बन डायऑक्साइड ओढून घेतं. खडे एकमेकांना चिकटले असतील किंवा वर पांढरी भुकटी धरली असेल तर ४४० ग्रॅममध्ये काम करणारा भाग किती, हे वजनावरून कळणार नाही.

टायट्रेशनबद्दल दोन गोष्टी. अल्कोहोल स्वतः थोडं आम्लधर्मी असू शकतं, म्हणून आधी नुसत्या अल्कोहोलला फिकट गुलाबी रंग येईपर्यंत थेंब सोडायचे आणि मग त्यात तेल घालायचं. यात समजा ०.४ मिली लागले आणि ते वजा करायचं राहिलं तर ४० लिटरला १६ ग्रॅम केओएच उगाच जास्त पडतं. दुसरं, १ मिली तेल मोजताना पिपेटच्या भिंतीला चिकटलेलं तेल बरंच फसवतं. ४ मिली तेल ४० मिली अल्कोहोलमध्ये घ्या आणि उत्तराला चारने भागा. गुलाबी रंग निदान पंधरा सेकंद टिकला पाहिजे.

आणि मिथेनॉल. समीकरणाला लागतं साधारण १२.५ टक्के (आकारमानाने). २० टक्के म्हणजे गरजेच्या १.६ पट. प्रयोगशाळेत बहुधा दुप्पट, म्हणजे २५ टक्के धरतात. घरच्या टाकीत २२ टक्के आणि दोन हप्ते ही जोडी उत्तम चालते: पहिल्यांदा मिथेनॉल-केओएच मिश्रणाचा ८० टक्के भाग, तासभर फिरवायचं, तासभर ठेवून ग्लिसरीन काढायचं, मग उरलेला २० टक्के भाग. ग्लिसरीन मधून गेलं की प्रक्रिया उलटी फिरायला वाव राहत नाही.

रेषाबंद:
मी दुसरी बाजू मांडतो. धुणं हाच एक मार्ग नाही. ग्लिसरीन काढा, मिथेनॉल उडवून परत गोळा करा, मग निवळू द्या. मिथेनॉल गेलं की साबण आणि उरलेलं ग्लिसरीन बायोडिझेलमध्ये विरघळून राहू शकत नाही, खाली बसतं. नंतर लाकडाच्या भुशाच्या किंवा आयन-एक्स्चेंज रेझिनच्या स्तंभातून सावकाश सोडायचं. पाणी लागत नाही, सांडपाणी होत नाही, इमल्शनचा प्रश्नच येत नाही. असं इंधन वापरणारे कितीतरी जण आहेत आणि त्यांची इंजिनं चालतात.

एक अट: ग्लिसरीन पूर्ण काढल्याशिवाय मिथेनॉल उडवू नका. उत्प्रेरक आणि ग्लिसरीन दोन्ही आत असताना मिथेनॉल कमी केलं तर एस्टरचं परत ग्लिसराइड व्हायला लागतं.

काचनळी:
कोरडी पद्धत चुकीची नाही, आणि तुमची अट अगदी बरोबर. माझी हरकत फक्त "इंजिनं चालतात" या पुराव्याला आहे. डिझेल इंजिन पुष्कळ वाईट इंधनावर चालतं, नुकसान सावकाश होतं. इंजेक्टरच्या टोकावर थर चढतो, फिल्टर चोंदतो, साबणातल्या धातूची राख होते आणि जिथे धुरातले कण अडवणारी गाळणी आहे तिथे ती साचते. शिवाय ज्यांची इंजिनं बिघडली ते बहुतेक बायोडिझेल करणंच सोडतात, चर्चेत उरतात ते चाललेलेच. म्हणून चालणाऱ्या इंजिनांची संख्या कितीही मोठी असली तरी "न धुतलेलं किती बिघडवतं" याचं उत्तर त्यातून मिळत नाही. इंधनातला साबण मोजा, वाद तिथे मिटतो.

ईएन १४२१४ प्रमाणे सोडियम आणि पोटॅशियम मिळून ५ मिलिग्रॅम प्रति किलोच्या आत हवेत. पोटॅशियम ओलिएटमध्ये पोटॅशियम १२.२ टक्के, म्हणजे ही मर्यादा साबणाच्या भाषेत साधारण ४१ पीपीएम (दहा लाखात ४१ भाग). सोडियमच्या साबणाला ६६.

मोजायचं कसं: १०० मिली आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये ब्रोमोफिनॉल ब्ल्यूचे थेंब टाका, रंग पिवळा होईपर्यंत ०.०१ नॉर्मल हायड्रोक्लोरिक आम्ल घाला. हे झालं शून्य. मग १० मिली बायोडिझेल घाला. साबण असेल तर निळा होतो. पुन्हा पिवळा होईपर्यंत लागलेलं आम्ल मोजा. १० मिली नमुन्यात (सुमारे ८.८ ग्रॅम) प्रत्येक १ मिली आम्ल म्हणजे ३६४ पीपीएम पोटॅशियम साबण. पण ४१ पीपीएमला त्यात जेमतेम ०.११ मिली आम्ल लागतं, म्हणजे दोन थेंब, आणि दोन थेंबांवर निर्णय घेता येत नाही. तयार इंधनाला १०० मिली नमुना घ्या, अल्कोहोलही वाढवा. न धुतलेल्याला १ मिलीसुद्धा पुरतो.

रेषाबंद यांच्या स्तंभातून बाहेर पडणारं इंधन या मर्यादेत येत असेल तर माझी काहीच तक्रार नाही. पण स्तंभ कधी संपला हे दिसत नाही, त्यामुळे दर बॅचला मोजायला लागेल.

रेषाबंद:
मोजण्याबद्दल मान्य. भुशाच्या स्तंभाची क्षमता मर्यादितच असते, आत येणारा साबण आधी निवळून कमी केला नाही तर तो लवकर भरतो. निवळायला वेळ न देता थेट स्तंभात सोडणं हीच बहुतेकांची घाई.

घट्टझाकण:
सगळं रसायन चाललंय, मिथेनॉलकडे लक्ष द्या. तुमच्या त्या पांढऱ्या थरात मिथेनॉल आहे, आणि वर ४५–५० अंशांवर ठेवा असं सांगितलंय. मिथेनॉल ६४.७ अंशांना उकळतं, पण पेट घेण्याइतकी वाफ ११ अंशांनाच देतं. दिवसाउजेडी त्याची ज्योत जवळजवळ दिसत नाही. त्यामुळे टाकी बंद, वरची वाफ नळीने बाहेर मोकळ्यावर किंवा कंडेन्सरमधून, आसपास ज्योत नाही, ठिणगी देणारा ड्रिल तर नाहीच. ड्रिलच्या मोटरमधल्या ब्रशच्या ठिणग्या आणि मिथेनॉलची वाफ यांची गाठ घालून देऊ नका. हीटर कायम द्रवात बुडालेला हवा. पातळी खाली गेली की आधी वीज बंद, मग झडप उघडायची.

केओएच नेहमी मिथेनॉलमध्ये थोडंथोडं घालायचं, उलट कधीच नाही, खूप उष्णता निघते. बंद होणारी एचडीपीई प्लास्टिकची किंवा स्टेनलेसची भांडी वापरा. ॲल्युमिनियमवर हे मिश्रण चढतं आणि हायड्रोजन सुटतो. जस्ताचा मुलामा, तांबं, पितळ इंधनाच्या वाटेवर नको. साधं रबर बायोडिझेलने फुगून मऊ पडतं, व्हिटॉन नावाचं खास रबर टिकतं. मिथेनॉल त्वचेतून आणि श्वासातूनही शरीरात जातं. साध्या गाळणीच्या मास्कने वाफ अडत नाही. नजर धूसर झाली, डोकं गरगरलं, तर वाट न बघता हॉस्पिटल गाठा आणि मिथेनॉल हे नाव सांगा. त्यावर उतारा आहे, पण वेळेत मिळायला हवा.

धुतलेलं पाणी गटारात किंवा झाडांना नको, त्यात मिथेनॉल, साबण आणि केओएच असतं. आणि तेलाने भिजलेल्या चिंध्यांचा ढीग करून ठेवू नका. अशा चिंध्या आपोआप तापून पेट घेतात. पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवून ठेवा.

डिझेलवेडा:
आभार. ग्लिसरीनच्या बरणीत थर स्वच्छ सुटला, मिठाच्या बरणीत मधे पांढरी साय राहिली. त्यामुळे टाकीला ग्लिसरीन लावलं. वरचा भाग साधारण ३६ लिटर मिळाला. ३/२७ चाचणीत तळाशी सुमारे ०.३ मिली बसलं. पुन्हा प्रक्रिया करताना केओएच आणि मिथेनॉल किती घेऊ?

सावकाशगाळ:
३ मिलीत ०.३ म्हणजे अंदाजे दहा टक्के तेल शिल्लक आहे. ३६ लिटरमध्ये ३.६ लिटर. फक्त तेवढ्याचा हिशेब केला तर केओएच २५ ग्रॅम आणि मिथेनॉल ८०० मिली येईल, पण एवढं थोडं ३६ लिटरमध्ये पसरून काम करत नाही. मिथेनॉल किमान पाच टक्के, म्हणजे १.८ लिटर, आणि केओएच लिटरला दीड ग्रॅमने ५४ ग्रॅम धरा. त्याआधी ते ३६ लिटर पुन्हा पूर्ण वाळवा, कारण आता त्यात धुण्याचं पाणी मुरलेलं आहे. टायट्रेशनही पुन्हा करा. जितके मिली येईल तितके ग्रॅम प्रति लिटर, म्हणजे ३६ ने गुणून, या ५४ मध्ये मिळवा.

टाकीला लावायच्या आधी लिटरभरावर करून ३/२७ बघा. स्वच्छ आली तरच पुढे. टाकीत प्रक्रिया पूर्ण झाली की ग्लिसरीन न काढता, त्याच तापमानाला पाच टक्के पाणी, म्हणजे १.८ लिटर, घालून दहा मिनिटं सावकाश फिरवा आणि मग निवळू द्या. बराचसा साबण ग्लिसरीनबरोबर खाली जातो. तुमच्या मूळ तेलात टायट्रेशनचे ४ मिली आले होते, म्हणजे पाणी अजिबात नसतं तरी लिटरला वीसेक ग्रॅम, सगळ्या बॅचला ८०० ग्रॅमच्या आसपास साबण होणारच होता. तो धुण्याच्या पाण्यात यायच्या आधीच खाली काढलेला बरा.

पहिलं धुणं फवाऱ्याने, न ढवळता. पाणी दुधाळ येणं थांबलं की मगच हलकं ढवळणं. शेवटच्या धुण्याचं पाणी काचेच्या ग्लासात आरपार दिसलं पाहिजे. मग इंधन वाळवा आणि काचनळी यांची साबणाची चाचणी १०० मिली नमुन्यावर करा.