शाँतिईचा महाल नक्की कोणाचा? (फॅमिली ग्रुप)

मंदारदादा: केतकी तो पाण्यातला महाल कुठला ग? व्हर्साय वाटत नाही. नुसता फोटो टाकून गायब

केतकी: शाँतिई. पॅरिसच्या उत्तरेला, गार द्यु नोरवरून ट्रेनने अर्धा तास पण नाही. बागा व्हर्सायवाल्याच माणसाने केल्यात, ल नोत्र. पण गर्दी त्या मानाने काहीच नाही

सुधाआत्या: केकवर लावतात ते शाँतिई क्रीम इथलंच का ग?

केतकी: नाव तेच आत्या. इथल्या वातेल नावाच्या कारभाऱ्यानेच शोधलं असं सगळे गाइड ठोकून देतात पण पुरावा काही नाही. वातेलची खरी गोष्ट वेगळीच आहे. १६७१ चा एप्रिल, चौदावा लुई अख्खा दरबार घेऊन तीन दिवस राहायला येणार, आणि महालाचा मालक कोंदे घराण्याचा प्रिन्स, जो आधी ह्याच राजाविरुद्ध लढून बसलेला, त्यामुळे आता पाहुणचारात काही म्हणजे काही कमी पडायला नको. सगळी व्यवस्था वातेलकडे. पहिल्याच रात्री जास्त लोक आले आणि एकदोन टेबलांना भाजलेलं मांस पुरलं नाही, आतषबाजी धुक्यात गेली, दुसऱ्या दिवशी शुक्रवार म्हणून मासे हवेत तर पहाटे अगदी थोडेच आलेले. एवढेच का म्हणून विचारलं तर आणणारा म्हणाला हो एवढेच. वातेल खोलीत गेला आणि तलवार दाराला टेकवून अंगात घुसवून घेतली. मग चहूकडून मासे यायला लागले

सुधाआत्या: अगबाई!! आणि आपल्याकडे मुंजीत जिलबी संपली तेव्हा आचारी मांडवात पान लावत बसलेला

अश्विनीवहिनी: 😂😂 आत्या

नानाकाका: इतिहास कळला. आता मालक कोण? सरकार?

केतकी: नाही काका, हीच तर गंमत आहे. जरा लांब लिहिते.

आधी हे मोंमोरान्सी घराण्याचं. त्यातल्या ड्यूकने बंड केलं, १६३२ ला मुंडकं उडवलं आणि इस्टेट राजाने जप्त केली. १६४३ ला त्याच्या बहिणीला परत मिळाली, ती कोंदेंच्या घरात दिलेली, म्हणून महाल कोंदेंकडे. पॅरिसमध्ये आज जिथे त्यांची संसद भरते ना, पाले बूर्बों, ती इमारत पण एकेकाळी ह्यांचीच. मग १७८९ ची क्रांती, बॅस्टिलचा तुरुंग पडल्यावर तीनच दिवसांत हे लोक देश सोडून पळाले, परत जप्ती, आणि मोठा महाल लोकांनी पाडून दगड विकून खाल्ले. छोटा महाल आणि घोड्यांच्या पागा तेवढ्या राहिल्या. पागा बघशील तर तुला तोच महाल वाटेल, १८६ मीटर लांब, २४० घोडे राहायचे. बांधणाऱ्या प्रिन्सला म्हणे वाटायचं की पुढच्या जन्मी आपण घोडा होणार. खरं खोटं देव जाणे

मंदारदादा: म्हणजे स्वतःसाठी आधीच बुकिंग

केतकी: हो 😄 तर शेवटचा कोंदे परत आला पण एकुलत्या एक मुलाला नेपोलियनने १८०४ मध्ये व्हँसेनच्या किल्ल्याच्या खंदकात गोळ्या घातलेल्या. वारस नाही. म्हणून सगळं धर्मपुत्राच्या, म्हणजे गॉडसनच्या, नावाने लिहिलं आणि ऑगस्ट १८३० मध्ये हा स्वतः खिडकीला लटकलेला सापडला. धर्मपुत्र कोण, तर त्याच महिन्यात राजा झालेल्या लुई-फिलिपचा मुलगा, ड्यूक ऑफ ओमाल, वय वर्षं ८

नानाकाका: हे पोलीस केस आहे

केतकी: चौकशी झाली, आत्महत्या ठरवून मिटवली. मृत्युपत्रासाठी त्याची इंग्लिश मैत्रीण मागे लागलेली, तिलाही भरपूर मिळालं. पॅरिसने काय काय कुजबुज केली असेल विचार करा. पण सिद्ध काहीच नाही

अश्विनीवहिनी: आठ वर्षाच्या पोराला महाल. आमच्याकडे आठ वर्षाच्याला वेगळं कपाट हवंय त्यावर महिनाभर भांडण चालू आहे

केतकी: पण वहिनी त्या पोराचं पुढे ऐक. १८४८ ला बापाचं राज्य गेलं, हा इंग्लंडला. १८५२ ला नवा नेपोलियन म्हणाला ओर्लिआँ घराण्याने, म्हणजे ह्याच्याच घराण्याने, एका वर्षात फ्रान्समधली सगळी मालमत्ता विकायची, म्हणून ह्याने शाँतिई कागदोपत्री एका इंग्लिश बँकेला विकून टाकला आणि १८७० नंतर परत घेतला. ह्या मधल्या वीस वर्षांत लंडनजवळ बसून पुस्तकं, चित्रं, हस्तलिखितं गोळा करत राहिला. थोरला मुलगा १८६६ मध्ये सिडनीत गेला, बायको १८६९, धाकटा १८७२. बाकीची मुलं तर तान्हीच गेलेली. एवढं झाल्यावर १८७५ ला माणूस महाल पुन्हा बांधायला घेतो आणि सात वर्षांत पुरा करतो. कोणासाठी बांधतोय हे त्याला विचारायची कोणाची हिंमत झाली असेल का माहीत नाही

सुधाआत्या: बिचारा

केतकी: आणि १८८६ ला रिपब्लिकवाल्यांनी कायदा करून परत देशाबाहेर काढला. तेव्हा ह्याने काय केलं, ज्या देशाने हाकललं त्यालाच सगळं दान करतो म्हणून जाहीर केलं, मृत्युपत्रात दोन वर्षं आधीच लिहिलेलं होतं. पण सरकारच्या हातात नाही दिलं, अँस्तित्यु द फ्रान्सला दिलं, त्यांच्या पाच अकादम्या असतात त्या सगळ्यांची मिळून संस्था, हा स्वतः तिथला सभासद. मरेपर्यंत वापर माझा ही अट. १८८९ ला सरकारने मुकाट परत बोलावलं

नानाकाका: बेरकी माणूस. कोर्टात आयुष्य गेलं माझं, असा कागद पाहिला नाही. जप्ती करणार कोणाची, मालक तर अकादमी

मंदारदादा: बेरकी काय काका, उदार म्हणा की

नानाकाका: दोन्ही असू शकतं. आणि मुलं असती तर जमलंच नसतं. फ्रेंच कायद्यात मुलांचा हिस्सा राखीव असतो, सगळं दान करताच येत नाही. पुतणे काय, बघत बसले असतील

केतकी: करेक्ट काका. त्याच घराण्याच्या पुढच्या पिढ्यांत बघा. आँब्वाझचा किल्ला आणि द्रूचं स्मशान-चॅपल १९७४ ला फाउंडेशन काढून त्यात टाकलं, घराण्याचा प्रमुख १९९९ मध्ये गेला आणि मग वारसांची कोर्टबाजी वर्षानुवर्षं

अश्विनीवहिनी: अटी अजून काय होत्या?

केतकी: चित्रांच्या जागा बदलायच्या नाहीत आणि एकही वस्तू बाहेर कोणाला उधार द्यायची नाही. म्हणून आत गेलं की चित्रं वरखाली फ्रेमला फ्रेम चिकटवून लावलेली, खाली नावाची पाटी शोधत बसा. राफाएलची थ्री ग्रेसेस एका छोट्या अंधाऱ्या खोलीत, १७ सेंटीमीटर बाय १७, मी तर आधी पुढे निघून गेलेले. आणि ते बेरीच्या ड्यूकचं प्रार्थनापुस्तक, महिन्या-महिन्याची शेतीची चित्रं असलेलं, शाळेच्या इतिहासाच्या पुस्तकांत सुद्धा छापतात, ते कधी बाहेर ठेवत नाहीत. २०२५ मध्ये दुरुस्तीसाठी शिवण उसवली तेव्हा पानं लोकांना दाखवली, पण ती पण ह्याच आवारात, पॅरिसला सुद्धा नाही नेली

मंदारदादा: ही अट जरा अतीच. मेलेल्या माणसाने खिळे ठोकून ठेवलेत

केतकी: मला आवडतं खरं सांगू तर. नाहीतर सगळे म्युझियम सारखेच दिसतात

नानाकाका: खर्च?

केतकी: ७,८०० हेक्टर आहे काका, त्यातलं बहुतेक जंगल. रेसकोर्स आहे, तिकीट आहे, तरी पुरत नाही. आगाखानांनी २००५ ला फाउंडेशन काढून १५ वर्षं पैसे ओतले, त्यांचे रेसचे घोडे शेजारीच असायचे. आता जंगलाचं टेन्शन आहे, दुष्काळ आणि एका भुंग्याच्या अळ्या ओकची मुळं खातात, झाडं उभी वाळतायत

सुधाआत्या: आपला नगर रोडचा आगाखान पॅलेस त्यांचाच ना?

नानाकाका: हो. आजोबांनी १८९२ ला बांधला, ह्या नातवाने १९६९ ला देशाला दिला. कस्तुरबांची समाधी आहे म्हणून. दान करायची सवयच दिसते

मंदारदादा: केतकी मे मध्ये येतोय आम्ही, एक दिवस पुरेल?

केतकी: सकाळी लवकर आलात तर. मंगळवारी नका येऊ, बंद असतं बहुतेक, साइटवर बघून घे. पागांमधला घोड्यांचा शो मुलांना आवडेल

अश्विनीवहिनी: आपल्या वाड्याचं पण असंच करूया का? एखाद्या संस्थेला देऊन टाकायचा, अट घालून की माजघरातला झोपाळा हलवायचा नाही

सुधाआत्या: मी सही करते. सातबाऱ्यावर नावं किती झालीत आता, मोजायची पण भीती वाटते

नानाकाका: वाड्याचं ग्रुपवर नको. फोन करा. इथे सांगलीचे पण सगळे आहेत

सांगली बाळूकाका: वाचतोय मी नाना