डीप पर्पल: नवं ऐकता, की अजून तोच धूर?

रामबागचा बेसूर (धागा माझाच)

रविवारी पोहे-जलेबी आटोपून आम्ही चौघं इंदुरात सुदामा नगरात मित्राच्या गच्चीवर बसलो होतो. मी डीप पर्पल या जुन्या इंग्लिश रॉक बँडचा 2024 चा अल्बम लावला, ‘इक्वल्स वन’. तिसरं गाणं संपायच्या आत स्ट्रॅटवाला म्हणाला, ‘भिया, आता मशीन हेड लाव ना.’ तिथून आमचं जे वाजलं ते जेवायची वेळ झाली तरी वाजतच होतं. म्हणून म्हटलं इथेच काढू धागा.

माझं म्हणणं असं. ‘मशीन हेड’ या त्यांच्या जुन्या अल्बमवर सात गाणी आहेत. सातच. 1972 पासून लोक तीच उगाळतायत. मधल्या काळात या मंडळींनी 2013 ला ‘नाउ व्हॉट’, 2017 ला ‘इन्फिनिट’, 2020 ला ‘व्हूश’ काढला आणि मग हा. चारही बॉब एझ्रिनने केलेले, म्हणजे पिंक फ्लॉइडचा ‘द वॉल’ ज्याच्या हाताखालून गेला तो माणूस. चारही दमदार. पण मंचावर नवं गाणं सुरू झालं की लोक पाण्याची बाटली आणायला उठतात. दोष बँडचा नाही, आपल्या कानांचा आहे. बोला.

स्ट्रॅटवाला

आलोच. गच्चीवर अर्धवट राहिलं होतं.

‘दमदार’ हा शब्द बघा. लग्नातल्या जेवणाला म्हणतात तसा. चुकलं काही नाही, लक्षातही काही राहिलं नाही.

मी 1989 ला हॉस्टेलवर त्यांचा ‘मेड इन जपान’ हा लाइव्ह अल्बम ऐकला, नव्वद मिनिटांच्या टीडीके कॅसेटवर, कुणाच्या तरी मुंबईच्या मामाकडून उतरवून आणलेला. तीन दिवस दुसरं काही लावलं नाही. त्यात गायक गिलन सूर फेकतो आणि गिटारवाला ब्लॅकमोर तोच सूर गिटारवर परत करतो. याला आपल्याकडे जुगलबंदी म्हणतात. जॉन लॉर्ड हॅमंड ऑर्गन गिटारच्या मार्शल अँप्लिफायरमधून काढायचा, त्यामुळे पेटीसारखं सोज्वळ वाद्य गुरगुरायला लागलं. दोन वाद्यं एकमेकांच्या अंगावर धावून जायची. आज गिटारही छान, कीबोर्डही छान, आणि दोघं एकमेकांना ‘आधी तुम्ही, आधी तुम्ही’ करतात.

आणि ‘मशीन हेड’ झाला कसा ते विसरू नका. डिसेंबर 1971, स्वित्झर्लंडमधलं मोन्त्रो. ज्या कसिनोत रेकॉर्डिंग करायचं, तो फ्रँक झॅपा या रॉकवाल्याच्या कार्यक्रमात कुणीतरी फ्लेअर उडवल्याने जळून गेला; ‘स्मोक ऑन द वॉटर’ गाण्यातला धूर तोच. दुसरं थिएटर घेतलं, तिथे आवाजामुळे पोलीस आले. शेवटी थंडीत रिकाम्या पडलेल्या ग्रँड हॉटेलात भिंतींना गाद्या लावून वाजवलं. रोलिंग स्टोन्सचा रेकॉर्डिंगचा ट्रक बाहेर उभा, आणि वाजवलेलं ऐकायला जायचं तर खोल्या-गॅलऱ्या ओलांडून जावं लागे. ते त्यांनी सोडूनच दिलं. अशा अडचणीतून ते संगीत निघालंय, आरामातून नाही.

पेसचा पठ्ठ्या

स्ट्रॅटवाले भिया, तुम्ही ब्लॅकमोर-लॉर्ड, ब्लॅकमोर-लॉर्ड करून राहिले, मागे बसलेला माणूस दिसत नाही का? ड्रमर इयन पेस. 1968 पासून आजपर्यंत प्रत्येक संचात असलेला एकटाच. डावखुरा. 2016 मध्ये पक्षाघाताचा सौम्य झटका येऊन गेला तरी परत स्टुलावर बसला. नव्या अल्बममधलं ‘पोर्टेबल डोअर’ हेडफोनवर ऐका आणि मला सांगा, हा हात ‘आरामातला’ वाटतो का?

मी स्वतः लग्नाच्या ऑर्केस्ट्रात वाजवतो. तिशीतली पोरं तासाभरात क्लिक ट्रॅक (कानात ठेका धरणारी टिकटिक) मागतात.

जलेबी विथ डिस्टॉर्शन

नमस्कार, मी 22 वर्षांची, त्यामुळे आधीच हात जोडते 🙏

मी सुरुवातच ‘व्हूश’पासून केली. लॉकडाउनमध्ये आपोआप पुढचं गाणं लागत गेलं आणि हे लागलं. कुणाचा बँड, किती जुना, काही माहीत नव्हतं. मग मागे मागे जात ‘इन रॉक’पर्यंत पोचले. आवडला! पण काका लोक ज्या सुरात बोलतात ना, की तुम्ही तेव्हा नव्हता म्हणजे तुम्हाला कळणार नाही, त्याने वैताग येतो. ‘स्मोक ऑन द वॉटर’ची ती धून मी आधी गिटारच्या दुकानात ऐकली, पन्नास वेळा, पन्नास पोरांकडून, बेसूर. मूळ गाणं ऐकलं तोवर कान किटले होते. यात माझी काय चूक?

स्ट्रॅटवाला

@जलेबी, चूक तुझी नाही बेटा, त्या पोरांची. ती धून दोन-दोन तारांवर आहे, दोन्ही सुरांत चौथ्याचं अंतर, म्हणजे आपला सा-म. ब्लॅकमोर ती प्लेक्ट्रमने (तार छेडायच्या पट्टीने) खरडत नाही, बोटांनी उचलतो. दुकानातली पोरं खरडतात. फरक तिथे आहे. एकदा हळू करून ऐक.

रामबागचा बेसूर

बघा, हा माणूस भांडता भांडता क्लास घेतो. म्हणून तर गच्चीवर बोलावतो त्याला.

पण @स्ट्रॅटवाला, एक उत्तर दे. ‘जुनं’ म्हणजे नक्की कुठलं? मूळ संचात गिलनही नव्हता आणि बास वाजवणारा ग्लोव्हरही नव्हता, गायला रॉड इव्हान्स होता. तू ज्याला देव्हाऱ्यात बसवलंस तो दुसरा संच, 1969 चा. मग 1974 चा ‘बर्न’ पुढचा गायक कव्हरडेल याचा, तो तुला चालतो. 1976 ला दुकान बंद. 1984 ला परत जुळले, ‘परफेक्ट स्ट्रेंजर्स’ काढला, तोही चालतो. त्यानंतर 1987 चा ‘हाउस ऑफ ब्लू लाइट’? 1990 चा ‘स्लेव्ह्ज अँड मास्टर्स’? दोन्हींवर तुझा ब्लॅकमोर आहे. किती वेळा ऐकलेस? खरं सांग.

सध्याचा संच नववा. गिटारवर सायमन मॅकब्राइड, जन्म 1979 चा, म्हणजे ‘मशीन हेड’नंतर सात वर्षांनी. आपल्याकडे याला घराणं म्हणतात आणि कौतुक करतात. तिकडे झालं की ‘नकली’!

स्ट्रॅटवाला

‘स्लेव्ह्ज अँड मास्टर्स’ एकदा ऐकला. दीड वेळा.

पण घराण्याचा दाखला चुकीचा. घराण्यात शिष्य गुरूच्या नावाने दौरा काढत नाही. ‘आमच्या गुरूंची बंदिश’ म्हणतो, कानाला हात लावतो आणि स्वतःच्या नावावर गातो. इथे पाटी तीच, तिकीट त्याच नावाचं. आणि 2017 ला जो निरोपाचा दौरा सुरू झाला, ज्याचं नावच ‘लाँग गुडबाय’, तो निरोप अजून संपेना. आमच्या आत्याबाई दारात चपला घालून तासभर बोलतात, तशी गत.

तानपुरा आणि मार्शल

अहो स्ट्रॅटवाले, आत्याबाईंना मध्ये आणू नका, मी त्याच वयाची आहे.

मी गाणं शिकलेली, शिकवतेही. या संगीताकडे मुलामुळे आले; तो आता पुण्यात, कॅसेट माझ्याकडे. गिटारबद्दल तुम्हीच भांडा, मी गळ्याबद्दल बोलते. ‘चाइल्ड इन टाइम’मध्ये गिलन ज्या पट्टीत किंचाळतो (किंचाळतोच, पण सुरात), ते पंचविशीच्या गळ्याचं काम आहे. 2002 नंतर त्यांनी ते मंचावर घेतलेलं नाही. मला यात शहाणपण दिसतं. नव्या अल्बमवर तो बहुतेक मध्य सप्तकात राहतो, शब्द बोलल्यासारखे टाकतो, थट्टा करतो. ‘लेझी सॉड’ ऐका. ऐंशीला टेकलेल्या माणसाचा खट्याळपणा आहे त्यात. पंचविशीचा गिलन ते गाऊच शकला नसता.

इथून तासाभरावर देवास. कुमारजी (कुमार गंधर्व) क्षयातून उठले तेव्हा एकच फुफ्फुस धड होतं. लांब दमसास गेला, तेव्हा त्यांनी तुटक, छोट्या, टोकदार तानांतून गाणं नव्याने बांधलं. ‘आधीसारखं गा’ म्हणणारे तेव्हाही असतीलच. तुलना मोठेपणाची नाही हो, कुणी अंगावर येऊ नका. उरलेल्या गळ्याचं काय करायचं, एवढ्यापुरतीच.

स्ट्रॅटवाला

काकू, गिलनचं मान्य. अगदी मान्य. माझं भांडण गिटारशी आहे.

पेसचा पठ्ठ्या

तुमचे गिटारदेवच 1993 मध्ये दौरा अर्धा टाकून गेले ना भिया? उरलेल्या तारखा सॅट्रियानी या दुसऱ्या गिटारवाल्याने निभावल्या. मग स्टीव्ह मोर्स आला आणि 2022 पर्यंत टिकला, बायकोच्या आजारपणामुळे थांबला. म्हणजे मोर्सची वर्षं ब्लॅकमोरपेक्षा जास्त. आणि ब्लॅकमोरसाहेब 1997 पासून मध्ययुगीन पोशाखात लोकगीतं वाजवतात. खुद्द तेच जुन्यात अडकले नाहीत, तुम्ही अडकले.

जलेबी विथ डिस्टॉर्शन

😂 आणि 2024 लाच ‘मशीन हेड’ची जी नवी आवृत्ती आली तिचं रीमिक्स ड्वीझिल झॅपाने केलंय. ज्याच्या बाबांच्या कार्यक्रमात कसिनो जळला त्याच फ्रँक झॅपाचा मुलगा. कालच कळलं, कुणाला तरी सांगायचंच होतं.

रामबागचा बेसूर

वाद मिटेना म्हणून काल रात्री गच्चीवर परीक्षा घेतली. स्पीकरवर चादर, फोन माझ्या हातात. पाच गाणी, गायन सुरू व्हायच्या आत गिटार कुणाची ते सांगायचं. पठ्ठ्या आणि काकू साक्षीदार. निकाल: स्ट्रॅटवाल्याचे चार बरोबर. ‘इक्वल्स वन’मधला मॅकब्राइड लगेच ओळखला, हे मान्य करतो.

चौथं गाणं होतं ‘टॉक अबाउट लव्ह’, 1993 चा ‘द बॅटल रेजेस ऑन’. स्ट्रॅटवाला हात झटकत म्हणाला, ‘हा मोर्स. मोर्सच. बघ कसा घासूनपुसून वाजवतोय, जीव नाही.’

ब्लॅकमोर होता.

स्ट्रॅटवाला

चादरीमुळे वरचे सूर दबले होते. पुढच्या रविवारी स्पीकर माझा, चादर नको, मी डोळे बांधून बसतो.

तानपुरा आणि मार्शल

मी येते. पोहे माझ्याकडून, वर भुरभुरायचा जिरावन मसाला तुम्ही आणा. मागच्या वेळी तो संपला होता आणि भांडण त्यावरूनही झालं होतं.