कुडाळहून क्रूझला जायचे आहे: मुंबई बंदर निवडावे की मुरगाव?

प्रश्न: कर्लीकाठ (कुडाळ)

नमस्कार. येत्या नोव्हेंबरच्या अखेरीस सासू-सासऱ्यांना घेऊन मुंबई–गोवा मार्गावरील क्रूझने जाण्याचा आमचा विचार आहे. सासरे तरुणपणी मुंबईत नोकरीला असताना भाऊच्या धक्क्यावरून आगबोटीत बसून वेंगुर्ल्याला उतरत असत. तो किनारा समुद्रातून पुन्हा एकदा पाहावा, ही त्यांची फार दिवसांची इच्छा आहे. सासूबाईंना गुडघेदुखीमुळे फार चालवत नाही आणि जिने चढणे तर जमतच नाही. मुंबईहून निघून मुंबईलाच परतणाऱ्या फेऱ्या दिसतात, तशाच काही एकेरी फेऱ्याही दिसतात. आमच्यासारख्यांनी जहाजात कोणत्या बंदरावरून चढावे? मुंबईहून चढायचे ठरल्यास क्रूझ भाऊच्या धक्क्यावरूनच सुटते का? रेल्वेने जावे की गाडीने? ज्यांना अनुभव आहे त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

उत्तर १: दीपस्तंभ (रत्नागिरी)

ताई, सर्वप्रथम धक्क्याविषयी लिहितो, कारण आपल्याकडच्या माणसांचा गोंधळ तेथेच होतो. मुंबईत प्रवासी बोटींची तीन ठिकाणे आहेत आणि टॅक्सीवाल्याला नुसते ‘बोटीवर सोडा’ असे सांगितले, तर तो त्यांपैकी कोठेही नेऊ शकतो. मांडव्याच्या आणि घारापुरीच्या लाँच गेटवे ऑफ इंडियावरून सुटतात. मांडव्याची रो-रो (वाहनांसह माणसे नेणारी बोट) भाऊच्या धक्क्यावरून सुटते. समुद्रपर्यटनाची मोठी जहाजे मात्र बॅलार्ड पिअरला लागतात. तेथे मुंबई बंदर प्राधिकरणाच्या नव्या आंतरराष्ट्रीय क्रूझ टर्मिनलचे उद्घाटन २० सप्टेंबर २०२५ रोजी झाले. सुमारे ४,१५,००० चौरस फुटांच्या या इमारतीत तपासणी आणि इमिग्रेशन मिळून ७२ खिडक्या आहेत. त्यामुळे ‘बॅलार्ड इस्टेट, क्रूझ टर्मिनल’ असे स्पष्ट सांगावे आणि तिकिटासोबतच्या पत्रावर ज्या गेटचे नाव असेल तेही सांगावे. गोदीची गेटे रंगांच्या नावांनी ओळखली जातात. ग्रीन गेट बॅलार्ड इस्टेटला आहे, तर ऑरेंज गेट तेथून बरेच उत्तरेला आहे. सामान घेऊन चुकीच्या गेटवर उतरल्यास गोदीच्या आतून दुसऱ्या गेटपर्यंत चालत जाता येत नाही.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. बंदर निवडताना बहुतेक लोक भाडे आणि फेरीचे दिवस पाहतात. माझ्या मते वयस्क माणसे बरोबर असतील, तर वेळेचे बंधन प्रवासाच्या कोणत्या टोकाला आहे, हे आधी पाहावे. जहाजात चढण्याची वेळ ठरलेली असते, सुटण्याच्या बऱ्याच आधी प्रवेश बंद होतो आणि एक गाडी चुकल्यास दुसरी धरू, अशी सोय तेथे नसते. उतरताना असे कोणतेच बंधन नसते. म्हणून चढणे घराजवळच्या बंदरावरून आणि उतरणे लांबच्या बंदरावर, असा प्रवास मिळत असेल तर तो घ्यावा. तुमच्यासाठी याचा अर्थ गोव्यात वास्कोला असलेल्या मुरगाव बंदरावरून चढून मुंबईला उतरणे असा होतो. कुडाळहून वास्को शंभरेक किलोमीटरवर आहे. सकाळी घरून निघालात आणि वाटेत काही अडचण आली, तरी दुसरी गाडी करून वेळेत पोहोचता येईल. मुंबईच्या बाबतीत तसे म्हणता येत नाही. मात्र मुंबईहून मुंबईपर्यंतचे तिकीट काढून मध्येच मुरगावला चढू, असे गृहीत धरू नये. प्रवाशांची यादी चढण्याच्या बंदरानुसार तयार होते, त्यामुळे तिकिटावरच मुरगाव हे चढण्याचे बंदर असले पाहिजे.

या पर्यायात एक अडचण आहे आणि तिचा विचार आधीच करावा. जहाज सकाळी मुंबईला लागते आणि उतरेपर्यंत वेळ जातो. तोपर्यंत मांडवी, जनशताब्दी आणि वंदे भारत या कोकणात येणाऱ्या सकाळच्या गाड्या निघून गेलेल्या असतात. कोकणकन्या रात्री अकरानंतर सुटते. म्हणजे तिने यायचे तर पूर्ण दिवस मुंबईत काढावा लागेल. नातेवाईक असतील तर प्रश्नच नाही, नसतील तर त्या दिवसापुरती खोली घ्यावी. प्रतीक्षागृहात दिवसभर बसून पुन्हा रात्रभर प्रवास करणे सासूबाईंना झेपणार नाही.

एकेरी फेरी मिळाली नाही आणि मुंबईहूनच चढावे लागले, तर कोकणकन्या सोयीची आहे. ती पहाटे सहाच्या आत छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला (छशिमट) पोहोचते आणि जहाजाची वेळ होईपर्यंत बराच अवकाश राहतो. तरीही मी आदल्या दिवशीच पोहोचावे असे म्हणेन. आपल्या एकेरी मार्गावर एक मालगाडी जरी अडकली, तरी मागच्या सर्व गाड्यांचे वेळापत्रक कोलमडते, हे कोकणातल्या माणसाला निराळे सांगायला नको. जहाजाचे तिकीट कित्येक महिने आधी काढता येते, पण १ नोव्हेंबर २०२४ पासून रेल्वेचे आरक्षण ६० दिवस आधीच खुले होते. तेव्हा जहाजाची तारीख ठरल्याबरोबर आरक्षण खुले होण्याचा दिवसही दिनदर्शिकेवर लिहून ठेवावा.

छशिमटला उतरल्यावर मुख्य इमारतीकडे जाऊ नये, तेथील गर्दीतून सामान नेणे अवघड होते. लांब पल्ल्याच्या गाड्यांच्या फलाटांवरून अठरा क्रमांकाच्या बाजूने बाहेर पडावे. ती वाट पी. डिमेलो मार्गावर निघते. तेथून टॅक्सीने सेंट जॉर्ज रुग्णालयावरून दक्षिणेकडे गेले, की काही मिनिटांत बॅलार्ड इस्टेट येते. अंतर इतके थोडे आहे की काही टॅक्सीवाले नकार देतात. सामान आणि वयस्क माणसे बरोबर असताना वाद घालण्यापेक्षा मोबाइलवरून गाडी मागवावी. मधल्या वेळेत सामान अमानती सामानगृहात ठेवायचे असेल, तर प्रत्येक बॅगेला कुलूप हवे. कुलूप नसलेली बॅग तेथे घेत नाहीत.

उत्तर २: रेवदंड्याचा वाटसरू (अलिबाग)

वरील उत्तराशी मी सहमत आहे. केवळ रस्त्याने जाणाऱ्यांसाठी थोडी भर घालतो. महाड-चिपळूणकडून स्वतःच्या गाडीने जाणाऱ्यांनी आता वाशी-चेंबूरमार्गे जाण्याचे कारण उरलेले नाही. पळस्प्याहून गव्हाण फाट्याकडे वळून चिर्ल्याला अटल सेतूवर चढावे, शिवडीला ईस्टर्न फ्रीवे धरावा आणि ऑरेंज गेटपाशी पी. डिमेलो मार्गावर उतरावे. २१.८ किलोमीटरचा हा सेतू जानेवारी २०२४ मध्ये खुला झाल्यापासून दक्षिण मुंबईची वाट खरोखर सुकर झाली आहे. ऑरेंज गेटपाशी मरीन ड्राइव्हकडे जाणाऱ्या बोगद्याचे काम चालू असल्याने शेवटच्या टप्प्यात थोडा वेळ जातो, तेवढा हिशेबात धरावा.

आम्हा अलिबागकरांना मांडव्याहून रो-रोने भाऊच्या धक्क्यावर उतरणे सर्वांत सोयीचे पडते, कारण गाडी, सामान आणि माणसे एकत्रच पलीकडे जातात. तेथून बॅलार्ड पिअर टॅक्सीने जवळ आहे.

कर्लीकाठ (कुडाळ)

दोघांचेही मनःपूर्वक आभार. मुंबईला आत्येसासूबाई असल्याने तेथे दिवस काढण्याची अडचण नाही. मुरगावहून चढण्याचा पर्याय पटला. परंतु आमच्यापैकी कोणीच कधी मुरगाव बंदरात गेलेले नाही. वास्कोपर्यंत गाडीने जावे की रेल्वेने मडगावला उतरावे? सासूबाईंच्या बाबतीत आणखी कोणती काळजी घ्यावी?

उत्तर ३: सड्यावरची (वास्को)

ताई, गाडीनेच या. मडगावला उतरलात तरी पुढे तीसेक किलोमीटर टॅक्सी करावीच लागेल, आणि सामान दोनदा चढवावे-उतरवावे लागेल. पूर्वी झुआरी नदीच्या जुन्या पुलावर तासन् तास खोळंबा होत असे, त्यामुळे सिंधुदुर्गातली माणसे वास्कोच्या नावाने कंटाळत. नव्या पुलाची पहिली बाजू डिसेंबर २०२२ मध्ये आणि दुसरी पुढच्या वर्षी खुली झाली, तेव्हापासून ती स्थिती राहिलेली नाही. पणजीला मांडवीवरच्या उंच पुलाने शहर टाळून पुढे यावे आणि झुआरी ओलांडल्यावर कुठ्ठाळीला वास्कोकडे वळावे. बंदराच्या गेटवर सुरक्षारक्षक प्रत्येकाचे तिकीट आणि ओळखपत्र पाहतात. पोहोचवायला आलेल्या मंडळींना आत सोडत नाहीत, तेव्हा निरोप गेटवरच घ्यावा लागतो, हे घरच्यांना आधीच सांगून ठेवावे.

सासूबाईंसाठी चाकाची खुर्ची हवी, हे आरक्षण करतानाच लेखी कळवावे आणि निघण्याच्या आधी पुन्हा एकदा फोन करून खात्री करावी. माझ्या आईला नेले तेव्हा चाकाची खुर्ची आयत्या वेळी मागावी लागली होती, आणि ती येईपर्यंत आई रांगेत ताटकळत उभी होती. त्या दिवशीच्या थकव्यामुळे पहिली संध्याकाळ तिने खोलीतच काढली. खोली घेतानाही लिफ्टच्या जवळची मागावी, कारण जहाजातील मार्गिका बऱ्याच लांब असतात.

मोठ्या बॅगा गेटजवळच ताब्यात घेतल्या जातात. त्यांना खोलीच्या क्रमांकाची चिठ्ठी लावलेली असते आणि त्या काही तासांनी खोलीच्या दाराशी येतात. त्यामुळे सासूबाईंच्या दोन वेळच्या गोळ्या, डॉक्टरांची चिठ्ठी, चश्मा, एक शाल आणि सर्वांची मूळ ओळखपत्रे हातातल्या पिशवीतच असावीत. घरचे खाद्यपदार्थ तपासणीत बहुधा काढून घेतात. पथ्याचे काही न्यायचे असेल, तर आधी विचारून घ्यावे.

देशांतर्गत फेरीला पासपोर्ट लागत नाही, आधार कार्ड किंवा मतदार ओळखपत्र चालते. मात्र तिकिटावरील नाव आणि ओळखपत्रावरील नाव एकसारखेच हवे. आपल्याकडे वडीलधाऱ्या बायकांच्या एका कागदावर माहेरचे नाव आणि दुसऱ्यावर सासरचे, असे पुष्कळदा असते. तिकीट काढण्यापूर्वी सासूबाईंचे आधार कार्ड समोर ठेवून नावातले अक्षर न् अक्षर पडताळावे, कारण नाव दुरुस्त करायला बंदरावर वेळ मिळत नाही.