जुना पीसी: स्टार्टअप आणि रॅम

प्रश्न: विंडोज १०, ४ जीबी रॅम, साधी हार्ड डिस्क. सुरू झाल्यावर बराच वेळ डिस्कचा वापर १०० टक्के. एमएसकॉन्फिगमध्ये (विंडोज कसं सुरू व्हावं ते ठरवणारं सेटिंग) ‘मॅक्झिमम मेमरी’वर टिक केल्यास वेग वाढेल का?

उत्तर १: अजिबात नको. ती टिक रॅम वाढवत नाही, उलट वापरावर मर्यादा घालते. आकडा फार कमी पडला तर विंडोज सुरूच होणार नाही. केली असेल तर काढून रीस्टार्ट करा.

उत्तर २: कंट्रोल-शिफ्ट-एस्केप दाबून टास्क मॅनेजरमधला ‘स्टार्टअप’ टॅब उघडा. ‘हाय’ (सुरू होताना जास्त भार) दिसणारे अपडेटर, चॅट अ‍ॅप डिसेबल करा. अँटिव्हायरसला मात्र हात लावू नका.

उत्तर ३: पेजफाइलही (रॅम कमी पडल्यावर विंडोज वापरतं ती डिस्कवरची जागा) बंद करू नका, नाहीतर रॅम भरली की प्रोग्रॅम धडाधड बंद पडतात. तुमचा खरा अडसर हार्ड डिस्कच आहे. त्याऐवजी साटा एसएसडी (खूप वेगवान डिस्क) बसवा, फरक लगेच जाणवेल.